रोलर डर्बीसाठी हॉल मिळवताना : माझा अनुभव

रोलर डर्बी म्हणजे स्केट्स घालून लंबगोल ट्रॅकवर दोन संघांनी एकमेकींना धक्के देत, अडवत खेळायचा खेळ. त्यासाठी मुली जमल्या, स्केट्स आले, त्यात सांगण्यासारखं काही नाही. जळगावात लहानपणी स्केटिंग शिकून पुढे स्केट्स माळ्यावर टाकलेल्या बऱ्याच जणी निघाल्या. फक्त स्केट्स दोन पुढे, दोन मागे अशा चार चाकांचेच घ्या. एका रांगेतल्या चाकांचे डर्बीत चालत नाहीत.

अडलं ते हॉलवर. मे महिन्यात आपल्याकडे पारा चव्वेचाळिशी गाठतो, तेव्हा उघड्यावर सराव म्हणजे सूर्य उगवायच्या आत काय होईल ते. ट्रॅक लंबगोल, साधारण ८८ फूट लांब, आणि रुंदीला बास्केटबॉल कोर्टात मावत नाही. एवढा हॉल गावात एकाच कार्यालयाच्या ताब्यात.

तिथल्या बाबूंनी अर्ज उलटसुलट पाहिला. "हाऊ कोनता खेय शे ताई?" सांगितलं. त्यांच्या यादीत नाही. मग संघटनेचं पत्र आणा. पत्र आणलं, तर साहेब दौऱ्यावर. साहेब आले, तर "बायका एकमेकींना धक्के मारणार? कोणी पडलं तर?" वर्ल्ड स्केट या जागतिक संघटनेच्या खेळांत रोलर डर्बी आहे, त्याची प्रिंट दिली. "इंग्रजीत आहे, मराठीत द्या."

दिलं! रात्री बसून लिहून काढलं: ३०-३० मिनिटांचे दोन भाग, एक जॅम, म्हणजे एक डाव, जास्तीत जास्त २ मिनिटांचा, दोन्हीकडून पाच-पाच जणी. हेल्मेटवर चांदणी असलेली जॅमर, म्हणजे गुण मिळवणारी; तिने समोरच्या ब्लॉकर, म्हणजे अडवणाऱ्या, ओलांडल्या की गुण, पण पहिल्या फेरीचे नाहीत. धक्का खांद्याने, कमरेने. कोपर मारलं किंवा पाठीत ढकललं तर ३० सेकंद बाहेर. हेल्मेट, माउथगार्ड, गुडघा-कोपर-मनगटाचे पॅड सक्तीचे. साहेबांनी ते वाचलंसुद्धा नाही. "फाइल वर गेली आहे," म्हणे. वर म्हणजे कुठे, ते शिपायालाही माहीत नव्हतं.

म्हणून सांगते, पहिल्याच दिवशी अर्जाची पोच घ्या, आवक क्रमांकासकट. माझ्याकडे होती, म्हणून १० रुपयांचं तिकीट लावून माहिती अधिकारात विचारता आलं की फाइल कोणाच्या टेबलावर किती दिवस आहे. उत्तराला कायद्याने ३० दिवसांची मुदत असते. उत्तर यायच्या आधी परवानगीच आली, आणि मी ते पत्र मुलींच्या ग्रुपवर तीनदा टाकलं.

तोवर सराव एका मंगल कार्यालयात केला. चातुर्मासात ती ओस असतात, मालक भाडंही कमी घेतात. पण कोब्याची जमीन बघा, गुळगुळीत टाइल्सवर चाक धरत नाही.

परवानगीत अट अशी की जमिनीवर डाग नको. ट्रॅकची कड दोरीवर टेप चिकटवून करतात, म्हणजे चाकाखाली कड जाणवते. साधी पॅकिंगची चिकटपट्टी वापरू नका, तिचा गोंद निघत नाही; आणि अर्जासोबत आधीच लिहून द्या की टेप रोज आम्हीच काढू.