तुम्ही विचारलंत म्हणून: कतारचं फुटबॉल विकतचं आहे का?

सुट्टीला कोल्हापूरला आलो की शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर टेकायच्या आत कुणीतरी विचारतंच, ‘कतारचं सगळं विकतचंच न्हवं?’ दोह्यात सोळा वर्षं राहतोय म्हणून मला विचारता. उत्तर मात्र ठरवून आलेले असता.

पैसा आहे, कोण नाही म्हणतंय? पण 1981 साली कसला पैसा ओतला होता? ऑस्ट्रेलियातल्या युवा विश्वचषकात त्यांच्या पोरांनी ब्राझील आणि इंग्लंडला हरवून फायनल गाठली होती. पोरांना फुटबॉल शिकवणारी दोह्याची अस्पायर अकादमी 2004 ची. तिथे पोरं शिकवणारा फेलिक्स सांचेझ पुढे त्यातलीच काही पोरं घेऊन कतारच्या मोठ्या संघाचा कोच झाला आणि 2019 ला जपानला 3-1 हरवून आशिया कप जिंकला. आपल्या तालमी, म्हणजे कोल्हापूरचे फुटबॉल संघ, परदेशी खेळाडू आणतात तेव्हा नाही कुणी विकतचं म्हणत!

हे मी तोंडपाठ सांगतो. 2022 ला घरच्या वर्ल्ड कपात तिन्ही सामने हरले, तेव्हाही सांगत होतो. इक्वेडोरविरुद्ध रिकाम्या होत गेलेल्या खुर्च्या बघून मात्र गप्प बसलो. आपल्याकडे हरणाऱ्या तालमीची माणसं निदान भांडायला तरी थांबतात.

मग 11 जून 2024. जस्सिम बिन हमद स्टेडियम, भारत-कतार. जिंकलो तर वर्ल्ड कप पात्रतेची पहिल्यांदाच तिसरी फेरी. कतार आधीच पुढे गेलेला, त्यांनी कोवळी पोरं उतरवलेली. सोबत माझा मुलगा, जन्म दोह्याचा, शाळेच्या संघात विंगला खेळतो. आपल्या छांगतेनं 37 व्या मिनिटाला गोल मारला, आम्ही दोघं उड्या मारल्या. 73 व्या मिनिटाला आपला गोली गुरप्रीतनं त्यांचा हेडर अडवला, चेंडू गोलरेषेला समांतर घरंगळत बाहेर गेला. आपली पोरं थांबली. त्यांच्या एकानं तो बाहेरून आत ओढला, दुसऱ्यानं जाळ्यात ढकलला. रेफ्रीनं गोल दिला. त्या फेरीत व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून निर्णय तपासायची सोय, नव्हतं. शेजारी लांब पांढऱ्या थोबातला एक कतारी बसला होता. माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, ‘आउट होता.’ आणि टाळ्या वाजवायला लागला. 85 व्या मिनिटाला दुसरा गोल झाला. संपलं.

पार्किंगमध्ये मी ओरडलो, ‘विकत घेतलं भडव्यांनी!’ हो, मीच. मुलगा म्हणाला, ‘बाबा, रेफ्री चुकला.’ बरोबर होतं त्याचं. माझ्याकडे पुरावा कसला? पण गाडीत तासभर मी तुमच्याच बाजूनं बोलत होतो, ते विसरता येत नाही.

मुलाला वेगळीच गोष्ट दिसली होती. केरळी घरातला ताहसीन जमशीद त्या महिन्यात कतारच्या संघात निवडला गेला होता. ‘मग मी?’ त्यानं विचारलं. मी म्हटलं, आधी डावा पाय सुधार.

स्टेडियमं बांधताना मेलेल्या माणसांचं काय, असंही विचारता. आमच्या कामगार कॅम्पातला एक वायरमन झोपेतच गेला, कागदावर ‘नैसर्गिक’ लिहिलं गेलं. याला आशिया कपाचं उत्तर देऊ नये, एवढं शिकलोय. पूर्वी देत होतो.

ऑक्टोबर 2025 मध्ये त्यांनी अमिरातीला 2-1 हरवून पहिल्यांदाच पात्रता मिळवून वर्ल्ड कप गाठला. लगेच मित्राचा फोन, ‘गोल कुणी मारले बघ.’ बघितलं. एक अल्जीरियात जन्मलेला, एक पोर्तुगालमध्ये.

म्हटलं, उद्या बोलू. मुलगा बाहेर चेंडू घेऊन उभा होता.