ताल्येसिनच्या मुलखात दोन दिवस

आधी उच्चार शिकून घ्या. आपण 'तालिसिन' म्हणून मोकळे होतो. तिथे 'ताल्येसिन' म्हणतात, जोर 'ये'वर. बसमध्ये मी चुकीचं बोललो, तर मागच्या सीटवरच्या आजींनी दोनदा म्हणवून घेतलं आणि मगच कुठे उतरायचं ते सांगितलं.

सहाव्या शतकातला हा वेल्श दरबारी कवी. त्याच्या नावाचं थडगं, त्याच्या नावाची पोथी आणि तो तान्हेपणी सापडला म्हणतात तो किनारा, हे सगळं वेल्सच्या पश्चिम काठावर जेमतेम पंधरा किलोमीटरच्या टापूत आहे. बर्मिंगहॅमहून ॲबरिस्टविथला थेट ट्रेन आहे, तीनेक तास लागतात. मात्र माखनलेथला गाडीचे दोन भाग होतात आणि अर्धे डबे उत्तरेकडे निघून जातात. आपला डबा कुठला, ते चढतानाच विचारून घ्या.

ॲबरिस्टविथच्या एक-दोन स्टेशनं आधी बोर्थ लागतं. मी तिथेच उतरलो. दंतकथा अशी, की ग्विद्नो राजाचा कमनशिबी मुलगा एल्फिन या किनाऱ्यावरच्या बंधाऱ्यात सामन मासे पकडायला गेला आणि त्याला मिळालं चामड्यात गुंडाळलेलं मूल. त्याच्या कपाळाचं तेज पाहून नाव पडलं ताल्येसिन, म्हणजे 'तेजस्वी कपाळ'. ग्विद्नोचं राज्य समुद्रात बुडालं म्हणतात. ओहोटीला वाळूतून ओक-पाइनचे काळे बुंधे वर येतात, तेव्हा ही कथा कुणी आणि का रचली असेल ते कळतं. झाडं साडेचार ते सहा हजार वर्षांपूर्वीची, पण अजून मुळांवर उभी आहेत. मी भरतीच्या वेळी पोहोचलो. दिसलं पाणी आणि एक कुत्रा. भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघूनच जा, आणि बुंधे सगळ्यात जास्त कधी उघडे पडतात ते गावात विचारा.

दुसऱ्या दिवशी थडगं. माखनलेथच्या रस्त्यावरच्या बसने त्रे ताल्येसिन नावाच्या गावात उतरायचं, तिथून पूर्वेला दीड-दोन किलोमीटर खडा चढ. बस थोड्या असतात, परतीची वेळ आधी लिहून घ्या. वाटेत मेंढ्यांची फाटकं लागतात. उघडलीत तर लावा. पावसाळी बूट हवेतच. माझे साधे होते, मोजे दिवसभर पिळत बसलो.

वर काय आहे? शेतरस्त्याच्या कडेला दगडांचा गोल, मधे दगडी पेटीसारखी दफनाची जागा आणि सरकलेली झाकणशिळा. कुठलीही पाटी डोळ्यांत भरत नाही. आणि हे थडगं ताल्येसिनचं नाही: ते कांस्ययुगातलं आहे, त्याच्यापेक्षा दोनेक हजार वर्षांनी जुनं. तिथे रात्रभर झोपणारा सकाळी कवी होऊन उठतो किंवा वेडा, असं म्हणतात. मी अर्धा तास बसलो, दोन्ही टळलं. खाली डोव्ही नदीचं रुंद मुख आणि कोर्स फोख्नोची दलदल दिसते. चढ त्यासाठीही करावा.

कविता मात्र तिथेच वाचा. त्याच्या पोथीचं 2019 साली आलेलं इंग्रजी भाषांतर खिशात ठेवा. रेगेडचा राजा उरिएन हा ताल्येसिनचा आश्रयदाता, आणि रेगेड वेल्समध्ये नव्हतंच, ते उत्तर ब्रिटनमधलं राज्य. ताल्येसिनच्या अनेक कवितांचा शेवट एकाच पालुपदाने होतो: म्हातारा होऊन मरण ओढवेपर्यंत उरिएनची स्तुती केल्यावाचून मला सुख नाही. पोवाड्याच्या सवयीने वाचलं तर ही भाटगिरी वाटेल. मलाही वाटली. मग उरिएनचा मुलगा ओवाइन याच्यावरचा शोक वाचला: इंग्लंडचं अफाट सैन्य झोपलंय, डोळ्यांत उजेड घेऊन. म्हणजे ते मेलेत, आणि उघड्या डोळ्यांवर पापणी ओढायलाही कुणी उरलेलं नाही. एवढ्या ओळीसाठी मोजे ओले झाले तरी चालतील.

पोथी ॲबरिस्टविथच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे, शहरावरच्या टेकडीवर. रविवारी जाऊ नका, बंद असतं. मूळ पोथी कायम मांडलेली नसते. संकेतस्थळावर तिची पानं आधीच बघून ठेवा, म्हणजे हिरमोड होणार नाही. ती चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धातली, कवीनंतर सात-साडेसातशे वर्षांनी एकाच लेखनिकाने उतरवलेली. आत साठेक कविता: भविष्यवाण्या, प्रार्थना, दंतकथेतल्या आर्थर राजाची पाताळलोकावरची मोहीम, जिच्यातून सातच जण परत आले. वेल्श अभ्यासक इफॉर विल्यम्स यांनी 1960 साली त्यांतल्या बाराच ऐतिहासिक ताल्येसिनच्या मानल्या, आणि त्यावरही वाद आहेत. 'तुका म्हणे' जोडून पुढे किती अभंग झाले हे माहीत असणाऱ्याला याचं नवल वाटू नये.

सहल एका दिवसात करू नका. बोर्थला मुक्काम केलात तर पहाटेची ओहोटी गाठता येते. मी केला नव्हता.