जुन्या सिव्हिकला मागे डिस्क ब्रेक बसवताना

माझी १९९५ची होंडा सिव्हिक आजवर ओहायोतच चालली आहे आणि इथे हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर जे मीठ टाकतात, त्याने तिच्या मागच्या ड्रम ब्रेकची दुर्दशा करून टाकली होती. यात चाकासोबत फिरणाऱ्या डब्याला, म्हणजे ड्रमला, आतून शू दाबले जाऊन चाक थांबते. डाव्या चाकाच्या सिलेंडरमधून ब्रेक ऑइल झिरपत होते, शूवरचे घासणारे अस्तर, म्हणजे लायनर, ओले झाले होते आणि लायनर झिजेल तसे ड्रमपासूनचे अंतर राखणारा ॲडजस्टर गंजून जागीच बसला होता. नवे ड्रम, शू आणि सिलेंडर घालून हे काम एका दुपारी, कमी खर्चात झाले असते. गाडी थांबवण्याचे बहुतेक काम पुढचे ब्रेकच करतात आणि सुस्थितीतला ड्रमही मागचे चाक सहज अडवू (फिरणे पूर्ण थांबवू) शकतो, त्यामुळे डिस्क (दोन्ही बाजूंनी पॅड दाबून थांबवली जाणारी चकती) लावल्याने गाडी निम्म्या अंतरात थांबेल, अशी अपेक्षा कोणी ठेवू नये. मला डिस्क हवी होती ती लांब उतारांसाठी. स्मोकी माउंटन्समध्ये ५,०४६ फुटांवरच्या न्यूफाउंड गॅपहून गॅटलिनबर्गला उतरणारा घाट आम्ही सहकुटुंब नेहमी उतरतो. ड्रम तापला की फुगून लायनरपासून दूर सरकतो आणि पेडल खाली जाऊ लागते. डिस्कचे तसे होत नाही, शिवाय ती उघडी असल्यामुळे लवकर निवते.

सुटे कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारे चिमटे) कंस लावून जोडण्यापेक्षा, १९९४ ते २००१ या काळातल्या इंटेग्रा या होंडाच्याच गाडीचे मागचे ट्रेलिंग आर्म (चाक गाडीला जोडणारे दांडे) हब, डिस्क आणि कॅलिपरसह अख्खेच्या अख्खे काढून आणणे अधिक सुरक्षित, असे माझे मत आहे, कारण ते सिव्हिकच्या मूळ जागांवर बसतात. हँडब्रेकच्या केबल मात्र डिस्कच्या गाडीच्याच लागतात. मला जुन्या गाड्यांच्या आवारात दोन्ही आर्म एकाच गाडीचे मिळाले. खरी परीक्षा जुने आर्म सोडवताना झाली. चाकाचा टो (चाक आत किंवा बाहेर वळलेले असण्याचा कोन) ठरवणाऱ्या छोट्या आर्मचा बोल्ट बुशच्या (सांध्यातल्या रबराच्या) आतल्या नळीशी गंजून एकजीव झाला होता. दोन दिवस गंज सोडवणारे तेल मारले, उष्णता दिली, तरी तो हलला नाही आणि शेवटी करवतीने कापावा लागला. बोल्ट ज्या खाचेत सरकतो तिथे आधीच खूण करून ठेवली होती, म्हणून नवा बोल्ट निदान अंदाजे योग्य जागी बसवता आला.

या कामात सर्वाधिक विचार मागणारा भाग डिस्क नसून प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह आहे. ब्रेक दाबताच वजन पुढे झुकते आणि मागच्या टायरांची पकड कमी होते. अशा वेळी मागची चाके आधी अडली तर गाडी गर्रकन फिरते, आणि माझ्या गाडीला एबीएस, म्हणजे चाके अडू न देणारी यंत्रणा, नाही. म्हणून हा व्हॉल्व्ह ठरावीक दाबानंतर मागे जाणारा दाब पुढच्यापेक्षा सावकाश वाढू देतो. ड्रममध्ये पुढचा शू चाकाच्या फिरण्यानेच ओढला जाऊन आणखी घट्ट बसतो. डिस्कमध्ये ही आपोआपची मदत नसल्याने तिला जास्त दाब लागतो. मूळ व्हॉल्व्हवर भागते असे पुष्कळ लोक सांगतात. मला ते पटत नाही, कारण मग नव्या डिस्क केवळ नावापुरत्या उरतात आणि पुढचे पॅड पूर्वीपेक्षाही जास्त तापतात. मी ४०४० हा आकडा कोरलेला, मागे डिस्क असलेल्या गाडीचा व्हॉल्व्ह बसवला आणि मास्टर सिलेंडर (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइलमध्ये दाब निर्माण करणारा) व बूस्टरही (पेडलचा जोर वाढवणारा) इंटेग्राचेच घेतले. हाताने फिरवून दाब बदलता येणारे व्हॉल्व्ह मिळतात, पण मोजमापाची साधने नसताना रस्त्यावरच्या गाडीत अंदाजाने ते फिरवणे मला धोक्याचे वाटते.

जोडणी तुलनेने सोपी गेली. मागच्या कॅलिपरचा पिस्टन दाबून आत जात नाही, तो फिरवत न्यावा लागतो, कारण हँडब्रेकची यंत्रणा त्यातच असते. पॅडच्या पाठीवरचा उंचवटा पिस्टनच्या खाचेत बसला आहे ना, हेही पाहावे लागते. कॅलिपरची डावी-उजवी बाजू बदलली तर हवा काढायचा निपल खाली येतो आणि हवा कधीच पूर्ण निघत नाही. बुशचे बोल्ट गाडीचे वजन चाकांवर आल्यावरच शेवटचे आवळावेत, नाहीतर रबर कायम पिळलेले राहते आणि लवकर फाटते. चाकांचे नट १०८ न्यूटन-मीटरला टॉर्क पान्याने आवळले.

चाकांची अलाइनमेंट करून घेतल्यावर एका रविवारी सकाळी, पाऊस नुकताच थांबलेला असताना, मी एका रिकाम्या, ओल्या आवारात गाडी नेली. ताशी तीस मैलांवरून पेडल वाढत्या जोराने दाबत गेलो आणि बाहेर उभ्या असलेल्या माझ्या मुलाला कोणती चाके आधी अडतात ते पाहायला सांगितले. पाचही वेळा पुढची आधी अडली आणि गाडी सरळ रेषेत थांबली. त्यानंतरच मी तिच्यात घरच्या माणसांना बसवले.