हरवलेले शंभर ग्रॅम

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत आठवणी पुष्कळ येतील. माझ्या वाट्याचे पान मी विज्ञानाच्या वहीतल्या एका वाक्यासाठी वापरतो: ‘वस्तू पाण्यात बुडवली की तिचे वजन कमी होते.’ शाळेतल्या आजच्या मुलांनी यातले ‘कमी होते’ तपासून पाहावे, अशी माझी फार इच्छा आहे. पृथ्वी त्या वस्तूला पाण्यातही तेवढ्याच जोराने ओढते. मग तानकाटा, म्हणजे वस्तू टांगून वजन दाखवणारा स्प्रिंगचा काटा, कमी का दाखवतो?

५ सेंमी लांब, ५ सेंमी रुंद आणि ४ सेंमी उंच असे दोन ठोकळे घ्या, एक लोखंडाचा, एक ॲल्युमिनियमचा. दोन्हींचे आकारमान १०० घनसेंमी. हवेत लोखंडी ठोकळा साधारण ७८० ग्रॅम भरतो, ॲल्युमिनियमचा २७०. पूर्ण बुडवल्यावर काटा ६८० आणि १७० वर येतो. एक ठोकळा दुसऱ्याच्या जवळजवळ तिप्पट जड, तरी दोन्हीकडे फरक १०० ग्रॅमचाच! पाणी धातू ओळखत नाही, त्याला फक्त बुडालेले आकारमान कळते. तोटीपर्यंत भरलेल्या भांड्यात ठोकळा बुडवून तोटीतून सांडलेले पाणी मोजपात्रात धरले तर तेही १०० मिलिलिटर, म्हणजे १०० ग्रॅमच भरते. आर्किमिडीजचे तत्त्व ते हेच: वस्तू जितके पाणी बाजूला सारते, तितक्याच वजनाचा आधार पाणी तिला देते.

आकडे जुळले नाहीत की मुले उत्तर ‘जुळवतात’. तसे करू नका, चूक शोधा. ती बहुधा तोटीपाशी असते. भांडे काठोकाठ भरल्यावर तोटीचे ठिबकणे पूर्ण थांबू द्यावे आणि मगच मोजपात्र खाली ठेवावे, नाहीतर आधीचेच पाणी मोजले जाते. ठोकळा भस्सकन सोडला तर लाटेबरोबर जास्तीचे पाणी बाहेर पडते. सुती दोरा पाणी पितो, म्हणून नायलॉनचा घ्यावा. ठोकळ्याला चिकटलेले बुडबुडे बोटाने पुसून काढावेत. आणि ठोकळा तळाला टेकला तर तानकाट्यावरचा आकडा निरर्थक होतो, कारण मग काही भार तळ उचलतो. तानकाटा १० ग्रॅमच्या खुणांचा असेल, तर छोटा खडा बांधून काही दिसणार नाही. १०० घनसेंमीचा ठोकळा म्हणूनच हवा.

आता हा आधार येतो कुठून? पाण्यात जितके खोल जावे तितका दाब वाढतो: दर सेंटिमीटरला, प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर १ ग्रॅम भार. ठोकळ्याचा वरचा पृष्ठभाग ३ सेंमी खोल असेल, तर त्याच्या २५ चौरस सेंमीवर पाणी ७५ ग्रॅमने खाली दाबते. खालचा पृष्ठभाग ७ सेंमी खोल, तिथे तेच पाणी १७५ ग्रॅमने वर ढकलते. उरले १००. ठोकळा आणखी खाली न्या, वरचा पृष्ठभाग १० सेंमीवर: २५० आणि ३५०. पुन्हा १००! खोल गेल्याने प्लावक बल, म्हणजे पाण्याचा हा वर ढकलणारा आधार, वाढतो हा समज इथे वहीतच खोडता येतो. मिठाचे संपृक्त द्रावण घेतले तर मात्र हेच बल सुमारे १२० ग्रॅम होते, कारण त्याची घनता १.२ आहे.

दुसरा समज जास्त चिवट आहे: तरंगणाऱ्या वस्तूवर बल जास्त, बुडणाऱ्यावर कमी. याच मापाचा ६० ग्रॅमचा लाकडी ठोकळा पाण्यावर सोडा. त्याचा ६० घनसेंमी भाग पाण्यात जातो आणि तो थांबतो. त्याच्यावरचे प्लावक बल ६० ग्रॅम, तर तळाला गेलेल्या लोखंडावर १००. लोखंडाला आधार जास्त मिळाला, फक्त त्याच्या ७८० ग्रॅमला तो पुरला नाही.

आणि ते हरवलेले १०० ग्रॅम? ते सापडतात. पाण्यासह ६०० ग्रॅम भरणारे चंचुपात्र इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवा, त्यात पाणी सांडणार नाही इतकी जागा असू द्या. तानकाट्याला टांगलेला ॲल्युमिनियमचा ठोकळा, तळाला वा कडेला न लागता, त्यात पूर्ण बुडवा. वर तानकाटा २७० वरून १७० वर उतरतो, आणि त्याच वेळी खालचा काटा ६०० वरून ७०० वर चढतो. पाण्याने ठोकळ्याला जितके वर ढकलले, तितकेच ठोकळ्याने पाण्याला खाली ढकलले. आता दोरा सैल सोडून ठोकळा तळावर टेकू द्या: वर शून्य, खाली ८७०.