फिस्क ते व्हँडरबिल्ट: दोन मैल, दोन वर्षं

अमेरिकेतल्या मोठ्या विज्ञान परिषदांमध्ये एका दालनात विद्यापीठांची टेबलं मांडलेली असतात. वर विद्यापीठाच्या रंगाचं कापड, फुकटची पेनं, चॉकलेटं, गुळगुळीत कागदावरची माहितीपत्रकं. कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि मूळनिवासी विद्यार्थी पीएचडीला यावेत असं वाटणारे कितीतरी विभाग वर्षानुवर्षं एवढंच करत आले. टेबलापाशी मुलं येतात, पेन घेतात, पुढच्या टेबलाकडे जातात. डिसेंबरात अर्ज मोजायला बसलं की संख्या गेल्या वर्षीइतकीच भरते, आणि मग "आपल्याकडे अर्जच येत नाहीत" हे ठरलेलं वाक्य येतं.

अर्ज न येण्याचं कारण बहुतेक वेळा विभागाच्या पुढच्या दारातच असतं. ते दार बदलायचं म्हणजे काय, हे समजून घ्यायला टेनेसीतल्या नॅशव्हिलचं उदाहरण सगळ्यात उपयोगी. तिथे फिस्क आणि व्हँडरबिल्ट या दोन विद्यापीठांनी २००४ साली एक कार्यक्रम सुरू केला: दोन वर्षं फिस्कमध्ये मास्टर्स आणि पुढे व्हँडरबिल्टमध्ये पीएचडी. व्हँडरबिल्टचे खगोलशास्त्रज्ञ कीवान स्टासुन आणि फिस्कचे पदार्थवैज्ञानिक अर्नोल्ड बर्गर हे त्यामागचे मुख्य लोक. सुरुवात भौतिकशास्त्र आणि खगोलशास्त्रापासून झाली, पुढे इतर विषय आले.

दोन्ही आवारांत अंतर जेमतेम दोन मैल, पण हे दोन मैल सरळ नाहीत. फिस्क १८६६चं, यादवी युद्ध संपल्यावर गुलामीतून सुटलेल्यांच्या शिक्षणासाठी उभं राहिलेलं. व्हँडरबिल्ट १८७३चं, आणि तिथे पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी आला तो १९५३ साली. साठच्या दशकाच्या अखेरीस आय-४० हा महामार्ग उत्तर नॅशव्हिलच्या कृष्णवर्णीय वस्तीतून, जेफरसन स्ट्रीटच्या भरल्या बाजारातून काढला गेला.

क्रेडिटचा, म्हणजे दुसरीकडे शिकलेलं आपल्याकडे धरायचं की नाही, हा प्रश्नही जुनाच. पुढे नामवंत कृष्णवर्णीय विचारवंत झालेले डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस १८८८ साली फिस्कची पदवी घेऊन हार्वर्डला गेले, तेव्हा हार्वर्डने ती पदवी पुरती धरली नाही. त्यांना चार वर्षांच्या बी.ए.च्या तिसऱ्या वर्षात बसवलं. १८९०मध्ये त्यांनी दुसऱ्यांदा बी.ए. केलं, मग १८९५मध्ये पीएचडी. दुसऱ्या संस्थेत शिकून आलेल्या विषयाला किती मान द्यायचा, यावर आजही असे करार अडतात. म्हणून सामंजस्य करारात "सहकार्य वाढवणे" वगैरे वाक्यांपेक्षा एक कंटाळवाणा तक्ता जास्त महत्त्वाचा: तिकडचा कोणता कोर्स इकडच्या कोणत्या कोर्सच्या बदल्यात, किती क्रेडिटना, किमान कोणत्या ग्रेडला. हा तक्ता दोन्हीकडच्या रजिस्ट्रारांच्या सहीने पहिला विद्यार्थी येण्याआधी तयार हवा. नंतर बसून केला तर त्या पहिल्या विद्यार्थ्याचं एक सत्र वाया जातं.

या रचनेतली सगळ्यात हुशारीची गोष्ट म्हणजे मास्टर्सची पदवी फिस्कची असते. व्हँडरबिल्टने स्वतःच मास्टर्स देऊन मुलं घेतली असती, तर फिस्कच्या वाट्याला शिफारसपत्रं लिहिण्यापलीकडे काही उरलं नसतं. फिस्कची पदवी असल्यामुळे नोंदणी फिस्ककडे, प्रबंध फिस्ककडे, विभागाच्या अहवालातली संख्या फिस्कची. आणि एखाद्याने दोन वर्षांनी पीएचडी नको ठरवलं, तरी तो हातात पदवी घेऊन बाहेर पडतो. "सोडून गेला" असा शिक्का बसत नाही.

फिस्ककडे देण्यासारखं काही होतं, हेही विसरू नये. अमेरिकेत रसायनशास्त्रात पीएचडी मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय सेंट एल्मो ब्रॅडी (१९१६, इलिनॉय) फिस्कचे पदवीधर, आणि पुढे फिस्कलाच परतलेले. अवरक्त वर्णपटावर काम करणारे भौतिकशास्त्रज्ञ एल्मर आइम्स यांचंही तेच. बर्गर यांची प्रयोगशाळा किरणोत्सर्ग टिपणारे स्फटिक वाढवते. समोरच्या संस्थेत वापरण्याजोगं उपकरण किंवा कौशल्य शोधा आणि आपले दोन विद्यार्थी तिकडे पाठवा. वाहतूक एकाच दिशेने असेल तर समोरचे लोक तिसऱ्या वर्षी फोन उचलायचे बंद होतात, आणि त्यात त्यांची चूक नसते.

आता निवड. जीआरई ही अमेरिकेतल्या पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा म्हटली की पुण्या-मुंबईतल्या अनेकांना शब्दांच्या याद्या आणि क्लासची फी आठवेल. तिथल्या विभागांत या परीक्षेचा वापर बराच काळ चाळणी म्हणून झाला: गणिताच्या भागात जुन्या ८००च्या मापावर ७००च्या खाली असलेला अर्ज उघडायचाच नाही. परीक्षा घेणारी ईटीएस स्वतः सांगते की एकट्या गुणांवर अशी रेषा मारू नका. भौतिकशास्त्रज्ञ केसी मिलर आणि स्टासुन यांनी २०१४ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात याच सवयीवर टीका केली. पुढच्या काही वर्षांत खगोलशास्त्राच्या आणि भौतिकशास्त्राच्या बऱ्याच विभागांनी जीआरई काढली किंवा ऐच्छिक केली.

पण नुसती परीक्षा काढून भागत नाही. तिच्या जागी काय, ते ठरवावं लागतं. नाहीतर समिती नकळत कॉलेजच्या नावावर आणि ओळखीच्या शिफारसपत्रावर जाते, म्हणजे आगीतून फुफाट्यात. फिस्क-व्हँडरबिल्टने ठरावीक प्रश्नांची सुमारे अर्ध्या तासाची मुलाखत ठेवली. प्रश्न हुशारी तपासणारे नाहीत, चिकाटी तपासणारे. एखादा कोर्स बिघडला, तर पुढच्या आठवड्यात नेमकं काय केलं? कुणाला विचारलं? उत्तरात कृती ऐकायची, भाषा नाही. असली मुलाखत घ्यायची तर दोघांनी बसायचं, प्रश्नांचा क्रम सगळ्यांना तोच, आणि दोघांनी आपापले गुण चर्चेआधी कागदावर लिहायचे. चर्चा आधी झाली की ज्येष्ठ प्राध्यापकाचा आकडा दोघांचाही होतो. गुणवत्ता यादीवर वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे ढिसाळ वाटतं खरं. पण "मुलगा हुशार दिसतो" हा शेरा त्याहून कितीतरी ढिसाळ आहे.

प्रवेशानंतरचं पहिलं काम ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे आधीच्या सगळ्या कोर्सेसची गुणपत्रिका, समोर ठेवून बसणं. लहान कॉलेजात क्वांटम मेकॅनिक्सचा दुसरा भाग किंवा स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स दरवर्षी शिकवलं जातंच असं नाही. चारपाच विद्यार्थ्यांसाठी वर्ग उघडत नाहीत. अशा मुलाला थेट पीएचडीच्या इलेक्ट्रोडायनॅमिक्समध्ये बसवलं की तो ऑक्टोबरात बुडतो. म्हणून पहिल्या वर्षी राहिलेले बी.एस.चे कोर्स भरून काढायचे आणि पीएचडीचा निदान एक मुख्य कोर्स व्हँडरबिल्टच्या वर्गात, तिथल्याच मुलांबरोबर, चांगल्या ग्रेडने पुरा करायचा. त्या एका ग्रेडचं वजन मोठं. पुढच्या प्रवेशाच्या वेळी समितीपुढे अंदाज नसतो, आपल्याच सहकाऱ्याने दिलेले गुण असतात. शिवाय मास्टर्सचं संशोधन पुढच्या संभाव्य गाईडच्या प्रयोगशाळेत होत असल्याने तोही माणूस ओळखतो. प्रवेशाची लेखी हमी नसते, पण प्रवेशाच्या दिवशी अनोळखी कुणी उरत नाही.

आणि गुण सत्राच्या शेवटी बघायचे नाहीत. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पहिला गृहपाठ तपासून आला की लगेच बघायचे. मध्यसत्र परीक्षेनंतर कळलं तर कोर्स सोडण्याची मुदत बहुधा टळत आलेली असते.

आता ज्या गोष्टींकडे प्राध्यापक लक्षच देत नाहीत त्या. दोन विद्यापीठांच्या पटावर असलेला विद्यार्थी प्रत्यक्षात कुठल्याच यंत्रणेत नीट बसत नाही. मोठ्या विद्यापीठाचं ओळखपत्र 'पाहुणा' म्हणून निघालं की संध्याकाळी सहानंतर प्रयोगशाळेचं दार उघडत नाही. संगणक क्लस्टरवर खातं नाही, लायब्ररीतून पेपर उतरवता येत नाही, पार्किंगचा पास नाही. आरोग्य विमा कुणाचा, हे ऑगस्टपर्यंत अधांतरी. यातली प्रत्येक गोष्ट एका ई-मेलने सुटते, पण तो ई-मेल विद्यार्थ्याने लिहायचा नसतो. एका कार्यालयीन माणसाच्या नावावर ही यादी हवी.

पैशांचंही तसंच. मुलगा ऑगस्टच्या मध्यात येतो आणि पहिला स्टायपेंड कित्येक ठिकाणी सप्टेंबरअखेर हातात पडतो. घरभाडं महिन्याला १,१०० डॉलर धरा. पहिलं भाडं आणि तेवढंच डिपॉझिट मिळून २,२०० डॉलर पगाराआधीच मोजावे लागतात, प्रवासखर्च वेगळा. घरून मदत नसेल तर हा सगळा खर्च क्रेडिट कार्डावर जातो. ऑगस्टच्या पहिल्या तारखेला दिलेले दोन-अडीच हजार आगाऊ डॉलर हे दहा माहितीपत्रकांपेक्षा जास्त काम करतात.

भागीदार कॉलेजातल्या प्राध्यापकाचा वेळ हा असाच न मोजलेला खर्च. तिथे सत्राला तीन-चार कोर्स शिकवण्याचा भार सर्रास असतो. त्याने वर संशोधनाचे विद्यार्थीही सांभाळावेत अशी अपेक्षा असेल, तर एका कोर्सच्या बदलीचे पैसे प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून धरा.

ज्यांच्या दोन मैलांवर कुणी भागीदार नाही, त्यांच्यासाठी अमेरिकन फिजिकल सोसायटीने २०१२ साली राष्ट्रीय पातळीवर 'ब्रिज', म्हणजे पीएचडीपर्यंत नेणाऱ्या पुलाचा, कार्यक्रम सुरू केला. त्याची युक्ती वेळापत्रकात आहे. अमेरिकेत पीएचडीची ऑफर स्वीकारायची नेहमीची मुदत १५ एप्रिल. त्या सुमारास विभागांना आपल्या किती जागा रिकाम्या राहिल्या ते कळतं. तेव्हा एकच अर्ज, शुल्काशिवाय, अनेक विभागांपुढे ठेवला जातो. एरवी अर्जामागे सत्तर-ऐंशी डॉलर भरावे लागतात, त्यामुळे हाताशी पैसे नसलेली मुलं तीनचारच ठिकाणी अर्ज करतात आणि पडली की संपलं.

हार्वर्ड खटल्यातल्या अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या जून २०२३च्या निकालानंतर वंश बघून प्रवेश देता येत नाही. २०२५मध्ये संशोधनाला सरकारी पैसा देणाऱ्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने विविधतेशी जोडलेली अनेक अनुदानंही मधेच थांबवली. नावात 'अल्पसंख्याक' असलेल्या कार्यक्रमांची पंचाईत झाली. क्रेडिटचा तक्ता, चौथ्या आठवड्यातली तपासणी, रात्रीही चालणारं ओळखपत्र आणि ऑगस्टमधले आगाऊ पैसे यांना मात्र वंशाचा रकाना लागत नाही. ते आलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला देता येतात. अडचण एवढीच, की यासाठी पगारावर ठेवलेला समन्वयक अनुदानातून येत होता, आणि त्याचा पगार विभागाच्या कायम खर्चात टाकायला डीनची सही लागते.