माझा दादा

पंचविशीही गाठली नव्हती हो त्याने. भातलावणीत पायाला भेग पडलेली, तसाच चिखलात उतरला, मग ताप, डोळे लाल, पोटऱ्या इतक्या दुखायच्या की हात लावू देईना. आम्हाला वाटलं पावसाळी ताप असेल, तर लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस निघाला, किडन्याच गेल्या. उंदराच्या लघवीतून हे जंतू शेतातल्या पाण्यात येतात, तर सिंधुदुर्गातल्या माझ्या माणसांनो, ताप अंगावर काढू नका प्लीज!

चतुर्थीला गणपतीच्या वर टांगतात त्या माटवीसाठी रानातून कवंडळं म्हणजे रानफळं, हरणाची फुलं तोच आणायचा, आणि मधलं मोठ्ठं कवंडळ मलाच बांधायला द्यायचा, मी स्टुलावर, तो खाली स्टूल घट्ट धरून. आरतीला तर आवाज अख्ख्या वाडीत, टाळ हातात आले की सोडायचाच नाही, शेवटी आई ओरडायची, अरे पुरे, नैवेद्य थंड झाला!