तुटलेला बॅकट्रेस चालेल, खोटा नको
कर्नल पॅनिकच्या, म्हणजे लिनक्सचा गाभाच कोसळल्याच्या लॉगमध्ये बॅकट्रेस (कुठल्या फंक्शनने कुठलं बोलावलं याची यादी) अर्ध्यावर तुटला की जीव खालीवर होतो. तरी ही यादी काढणाऱ्या कोडने, म्हणजे अनवाइंडरने, तिथे थांबणंच बरोबर, असं माझं ठाम मत आहे.

आर्म६४ प्रोसेसरवर एक्स२९ रजिस्टरमध्ये १६ बाइटच्या फ्रेम रेकॉर्डचा, म्हणजे स्टॅकवर (चालू फंक्शन कॉलच्या मेमरीत) ठेवलेल्या कॉलच्या नोंदीचा पत्ता असतो. त्यात आधी मागच्या रेकॉर्डचा पत्ता, मग रिटर्न अ‍ॅड्रेस, म्हणजे फंक्शन संपल्यावर जिथे परतायचं तो पत्ता. कुठल्याशा ड्रायव्हरने बफरबाहेर लिहिलं की हेच बिघडतं. म्हणून वाचण्याआधी तपासायचं: पत्त्याला ८ ने भाग जातो का, अख्खं रेकॉर्ड ओळखीच्या स्टॅकमध्ये मावतं का, आणि त्याच स्टॅकवर पत्ता आधीपेक्षा मोठा आहे का. शेवटची अट मला फार महत्त्वाची वाटते. ती नसेल तर बिघडलेले दोन रेकॉर्ड एकमेकांचेच पत्ते देत राहू शकतात आणि क्रॅशचा लॉग छापणारा कोडच अडकून पडू शकतो.

एक्स८६ प्रोसेसरवर २०१७ साली, लिनक्स ४.१४ मध्ये ओआरसी हा वेगळा अनवाइंडर आला. स्टॅक कसा उलगडायचा हे सांगणारे त्याचे तक्ते स्टॅकबाहेर असतात, पण रिटर्न अ‍ॅड्रेस स्टॅकवरूनच घ्यावा लागतो. तपासणी तिथेही हवीच.